डाउनहिल डॉमिनेशन: उतारावरच्या जुन्या सायकल-शर्यतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आमच्या ओळखीच्या दोन-तीन घरांत प्लेस्टेशन २ अजून टीव्हीला जोडलेले आहे आणि रविवारी जेवणे उरकली की त्यावर बहुतेक वेळा हाच एक खेळ लागतो. सुट्टीला आलेली भाचरे, शेजारची मुले आणि कधीकधी त्यांचे पालक येऊन उभे राहतात व तेच ते प्रश्न विचारतात. खेळता खेळता दिलेली उत्तरे अर्धवट राहतात, कारण उत्तर देणाऱ्याची सायकल तेवढ्यात कड्यावरून गेलेली असते. म्हणून ती एकदा सविस्तर लिहून ठेवत आहे.

हा खेळ नेमका कोणता आणि तो कोणी तयार केला?

डाउनहिल डॉमिनेशन हा प्लेस्टेशन २ साठीचा खेळ २००३ साली अमेरिकेत सोनीने प्रकाशित केला. युरोपात तो कोडमास्टर्स या ब्रिटिश कंपनीमार्फत आला. तो घडवला अमेरिकेतील युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटी येथील इनकॉग्निटो एंटरटेनमेंट या स्टुडिओने. युटा म्हणजे तांबड्या खडकांचा आणि मोआबसारख्या गावामुळे जगभरच्या माउंटन बाईकवाल्यांना माहीत असलेला प्रदेश आहे, त्यामुळे उताराचा खेळ तिथून यावा याचे आश्चर्य वाटायला नको. याच स्टुडिओने २००१ साली ट्विस्टेड मेटल: ब्लॅक हा हत्यारबंद मोटारींचा खेळ केला होता. सायकलच्या शर्यतीत मारामारी कुठून आली, याचे उत्तर बऱ्याच अंशी या एका वाक्यात आहे. सविस्तर पुढे येईलच.

खेळाचे स्वरूप एका ओळीत सांगायचे तर असे: डोंगराच्या माथ्यावर काही स्वार उभे असतात, खाली शेवटची रेषा असते आणि मधल्या उतारावर जो सर्वांत आधी खाली पोहोचतो तो जिंकतो.

वीस वर्षे उलटून गेली तरी माणसे तो खेळतात, असे त्यात काय आहे?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि त्याचे माझे उत्तर एकच आहे: या खेळात इंजिन नाही, उतार आहे.

मोटारीच्या किंवा मोटारसायकलच्या शर्यतीत वेग ही खेळाडूने मिळवायची गोष्ट असते. बटण दाबून धरायचे, गिअर बदलायचे, वळणावर वेग गमावायचा आणि सरळ रस्त्यावर तो पुन्हा कमवायचा. उतारावर हा हिशेब उलटा होतो. वेग न मागता मिळतो, सतत मिळत राहतो आणि खेळाडूला ठरवायचे असते ते एवढेच की तो कुठे ठेवायचा आणि कुठे सोडून द्यायचा. शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र येथे कामाला येते. उंचीत साठलेली ऊर्जा खाली येताना वेगात बदलते, आणि हवेचा विरोध व घर्षण पूर्णपणे बाजूला ठेवले, तर केवळ १०० मीटर उंची उतरून आलेल्या कोणत्याही वस्तूचा वेग तळाशी सेकंदाला सुमारे ४४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १६० किलोमीटर भरतो. मग ती वस्तू सडपातळ स्वार असो की धष्टपुष्ट. प्रत्यक्षात हवा, माती आणि ब्रेक मिळून यातला मोठा भाग खाऊन टाकतात. खेळात मात्र या खाणाऱ्यांची भूक बरीच कमी ठेवलेली आहे, आणि म्हणूनच पहिल्या वळणापर्यंत पोहोचता पोहोचता खेळाडूच्या लक्षात येते की पायडल मारण्यापेक्षा ब्रेक दाबण्याची वेळ निवडणे अधिक महत्त्वाचे आहे.

ज्यांनी पन्हाळ्याहून वाघबिळाकडे सायकलने उतरण्याचा प्रयोग केला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चढताना प्रत्येक वळणावर छाती फुटायची वेळ येते आणि उतरताना पाय नुसते पायडलवर ठेवलेले असतात. सगळे काम दोन्ही हातांच्या बोटांत आणि डोळ्यांत येऊन बसते. चाक खडीवर गेले की काय होईल, समोरून एसटी आली तर किती जागा उरेल, हे विचार शब्दांत येण्याआधीच हात निर्णय घेऊन मोकळे झालेले असतात. या खेळाने पकडली आहे ती नेमकी हीच अवस्था. इतर पुष्कळ खेळांनी सायकलचे चित्र अधिक सुबक काढले, परंतु बोटांत येणारी ती घाई फार थोड्यांना साधली.

दुसरे कारण वाटेचे आहे. बहुतेक शर्यतींच्या खेळांत रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी बांधलेला पाट असतो आणि गाडी त्यातल्या पाण्यासारखी वाहते. येथे डोंगर रुंद आहे. मुख्य वाट दिसते, पण तिच्या डावीकडे एखादी घळ असते, उजवीकडे खडकाची धार असते आणि त्या धारेवरून उडी घेतली तर खालचे वळणच टळते. पहिल्या दहा फेऱ्यांत या वाटा दिसतही नाहीत. एखाद्या दिवशी तोल जाऊन, म्हणजे खरे तर चुकून, माणूस झाडीत घुसतो आणि पलीकडे थेट पहिल्या क्रमांकावर निघतो. आमच्यातल्या एकाने अशी सापडलेली वाट तीन आठवडे कोणाला सांगितली नव्हती. तो प्रत्येक वेळी त्याच झाडापाशी दिसेनासा होतो, हे शेवटी त्याच्या धाकट्या बहिणीने पकडले.

तिसरी गोष्ट पडण्याची. या खेळात माणूस पुष्कळ पडतो आणि ते पडणे स्वस्त आहे. सायकल एकीकडे, स्वार दुसरीकडे, काही क्षण हसू, आणि पुन्हा उतार सुरू. पडल्याची शिक्षा जबर असती तर कोणी धारेवरून उडी घेतलीच नसती. ती अजिबात नसती तर उडीला अर्थ राहिला नसता. हा समतोल खेळ घडवणाऱ्यांनी नेमका धरला, असे मला वाटते.

सायकलच्या शर्यतीत मारामारी कशासाठी?

काही जणांना ती खटकते. शर्यत चालू असताना शेजारच्या स्वाराला ठोसा मारता येतो, लाथ घालता येते, पाण्याची बाटली फेकून मारता येते आणि त्याच्या चाकाच्या आऱ्यांत काठी खुपसता येते. हे सर्व अतिरंजित आहे आणि तसे असण्याची त्याला लाजही नाही. वर सांगितल्याप्रमाणे स्टुडिओची पार्श्वभूमीच लढाऊ मोटारींची होती. त्याचे संस्थापक स्कॉट कॅम्पबेल यांनी त्याआधी सॉल्ट लेक सिटीतच सिंगलट्रॅक या स्टुडिओत काम केले होते, आणि १९९५ सालचा पहिला ट्विस्टेड मेटल त्याच सिंगलट्रॅकने तयार केलेला होता.

परंतु मारामारी केवळ सवयीने घुसवलेली नाही. तिची जोडणी पाहण्यासारखी आहे. हवेत उडी घेतल्यावर हात सोडणे, सायकल आडवी करणे, उलटी कोलांटी घेणे अशा कसरती केल्या की ऊर्जा वाढते आणि मारामारीची पुढची साधने हाती येतात. म्हणजे नुसता सुरक्षित उतरणारा खेळाडू निःशस्त्र राहतो आणि धोका पत्करणाऱ्याला हत्यार मिळते. याउलट कसरत पूर्ण होण्याआधी जमीन आली तर सगळेच पालथे. त्यामुळे प्रत्येक उडीपाशी एक छोटा जुगार मांडलेला असतो.

शिवाय मारण्यालाही किंमत आहे. समोरच्याला गाठण्यासाठी आपण आपली वाट सोडतो, नजर त्याच्यावर जाते आणि तेवढ्यात झाड येते. खासबागच्या मैदानात बसून कुस्त्या पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळते, कारण डाव टाकणारा मल्ल डाव टाकताना स्वतःही मोकळा पडतो आणि शहाणा प्रतिस्पर्धी त्याच क्षणाची वाट पाहत असतो. चांगला खेळाडू एका शर्यतीत दोन-तीनदाच हात उचलतो, तेही वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे समोरच्याला पळायला जागा नसते.

यातले स्वार खरे आहेत का?

काही काल्पनिक आहेत आणि काही त्या काळातले नामांकित व्यावसायिक आहेत. मिसी जिओव्हे आणि ब्रायन लोप्स ही त्यांतली दोन ठळक नावे. जिओव्हे यांनी १९९४ साली डाउनहिलचे जागतिक विजेतेपद मिळवले होते. लोप्स यांचा हातखंडा फोर-क्रॉस या प्रकारात होता, ज्यात चार स्वार एकाच वेळी आखलेल्या उतारावर सुटतात आणि एकमेकांना खेटून उतरतात. २००२ सालचे त्यातले जागतिक विजेतेपद त्यांचेच. खेळातल्या माउंटन क्रॉस या शर्यती याच प्रकारावर बेतलेल्या आहेत.

खऱ्या डाउनहिल शर्यतीशी याचा कितपत मेळ बसतो?

खऱ्या डाउनहिलमध्ये स्वार एकेकटे सुटतात, घड्याळाविरुद्ध उतरतात आणि सर्वांत कमी वेळ घेणारा जिंकतो. शेजारी कोणी नसतेच, तर ठोसा कोणाला मारणार? त्या अर्थाने हा खेळ नियमांशी इमान राखत नाही. तरीही या क्रीडाप्रकाराचा उगम पाहिला तर खेळाचा स्वभाव त्याच्या बालपणाशी जुळतो, हे मला फार रंजक वाटते.

उगमाची गोष्ट थोडक्यात अशी. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या, एकाच वेगाच्या जड सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या वाटेने खाली सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी फेअरफॅक्स गावाजवळ घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. या सायकलींना पायडल उलटे मारून लागणारा ब्रेक होता आणि तो मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेला असे. साडेतीन किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या त्या वाटेवर सुमारे १,३०० फुटांचा उतार उतरेपर्यंत तो तुंबा इतका तापत असे की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई, आणि पुढच्या फेरीआधी ते नव्याने भरावे लागे. नव्याने भरणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून वाटेचे नावच रिपॅक पडले. गॅरी फिशर यांनी ती ४ मिनिटे २२ सेकंदांत उतरून केलेला विक्रम प्रसिद्ध आहे. पुढे हेच फिशर आणि त्यांच्यासोबत तिथे उतरणारे जो ब्रीझ माउंटन बाईक घडवणाऱ्या पहिल्या मंडळींत गणले गेले. जुन्या लोखंडी सायकलवर पायाखाली बेतशीर ब्रेक आणि डोक्यात बेतशीर विचार घेऊन उतरणारी ही मंडळी या खेळातल्या स्वारांपासून फारशी दूर नाहीत.

त्यानंतर क्रीडाप्रकार शिस्तीत आला. १९९० साली कोलोरॅडोतील डुरँगो येथे झालेल्या पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेत डाउनहिलचा समावेश होता आणि १९९३ पासून विश्वचषक मालिकेतही तो आला. ऑलिंपिकमध्ये मात्र १९९६ साली अटलांटात क्रॉस-कंट्री हा चढ-उताराचा लांब पल्ल्याचा प्रकार घेतला गेला. डाउनहिलला तिथे जागा मिळाली नाही.

चित्रे जुनाट दिसतात. डोळ्यांना त्रास होत नाही का?

पहिली पाच मिनिटे होतो. प्लेस्टेशन २ ची मुख्य स्मृती अवघी ३२ मेगाबाइट होती आणि प्रक्रियक साधारण ३०० मेगाहर्ट्‌झचा होता. आज खिशातल्या सर्वांत स्वस्त फोनमध्येही याच्या कितीतरी पट सामग्री असते. तेवढ्यात रुंद डोंगर, अनेक स्वार, झाडे, प्रेक्षक आणि प्रचंड वेग एकत्र बसवायचा म्हणजे काहीतरी सोडावेच लागते. येथे सोडले ते तपशील. झाडांची पाने जवळून पाहिली तर कागदी वाटतात आणि खडक घड्या घातलेल्या पुठ्ठ्यासारखे दिसतात. पण जवळून पाहणार कोण? त्या वेगात झाड ही पाहण्याची वस्तू उरत नाही, ती चुकवण्याची वस्तू होते. उलट तपशील कमी असल्यामुळे वाट कुठे आणि अडथळा कुठे, हे दुरून स्पष्ट कळते. नव्या खेळांतल्या गवताच्या लाखो पात्यांमागे लपलेला दगड मला आजही दिसत नाही. अर्थात यात माझ्या वाढत्या वयाचाही वाटा असेल.

एकट्याने खेळण्यापेक्षा दोघांत खेळावा असे सगळे का म्हणतात?

कारण आपल्याकडे हा खेळ पसरला तोच मुळी बाकावर शेजारी बसून. दोन हजारच्या दशकात घरी प्लेस्टेशन असणे ही सर्वांना परवडणारी गोष्ट नव्हती. राजारामपुरीच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत, आमचा गेम पार्लर होता. तीन टीव्ही, तीन यंत्रे, प्रत्येकापुढे एक बाक. पैसे तासावर. कंट्रोलरला तिथे कोणी कंट्रोलर म्हणत नसे, सगळे रिमोट म्हणत, आणि चकतीला सीडी म्हणत, ती डीव्हीडी असली तरी. हरेल त्याने उठायचे आणि मागे उभ्या असलेल्याने बसायचे, हा अलिखित नियम होता. त्यामुळे एका तासाचे पैसे चौघांत वाटले जात आणि खेळणाऱ्या दोघांना मागून चार जणांचा सल्ला फुकट मिळे.

दोघांसाठी मधोमध विभागलेल्या पडद्याची एक गंमत आहे, जी इंटरनेटवरून खेळताना मिळत नाही. प्रतिस्पर्ध्याची सगळी वाट आपल्याला दिसत असते. तो कोणत्या घळीत शिरला, कुठे ब्रेक दाबला, बाटली हातात घेऊन कोणाच्या मागे निघाला, हे सर्व उघड. न पाहणे अशक्य आणि पाहिले तर आपले झाड ठरलेले. पार्लरमध्ये पुष्कळ शर्यती कौशल्याने जिंकल्या गेल्या नाहीत. त्या समोरच्याने चुकीच्या क्षणी माझ्या अर्ध्या पडद्याकडे पाहिल्यामुळे जिंकल्या गेल्या. त्यात पेठापेठांची चुरस मिसळली की विचारूच नका. शनिवारी शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना झाला की त्याचा निकाल संध्याकाळी या बाकावर पुन्हा एकदा लावला जाई.

या आठवणींना एक दुखरी बाजूही आहे. ते भारनियमनाचे दिवस होते. खेळातील प्रगती मेमरी कार्डवर साठवावी लागे. कार्ड ८ मेगाबाइटचे, आणि पार्लरमधले कार्ड सर्वांच्या मालकीचे म्हणजे कोणाच्याच मालकीचे नाही. दीड महिना शर्यती जिंकून, खेळातले पैसे साठवून, त्या पैशांतून चांगली सायकल घेऊन मी कारकीर्दीच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यावर पोहोचलो होतो. एका दुपारी साठवण चालू असतानाच वीज गेली. परत आली तेव्हा कार्डातील ती नोंद खराब झाली होती. पार्लरच्या मालकांनी समजूत काढण्यासाठी अर्धा तास फुकट दिला. तो अर्धा तास मी पहिल्या डोंगरावर, सर्वांत स्वस्त सायकलवर घालवला, आणि चिडलेला असूनही मला तो आवडला. खेळ चांगला आहे हे मला तेव्हा कळले, असे म्हणायला हरकत नाही.

या प्रकारचे याआधीचे आणि यानंतरचे खेळ कोणते?

याआधी १९९९ साली पहिल्या प्लेस्टेशनवर नो फिअर डाउनहिल माउंटन बायकिंग हा कोडमास्टर्सचा खेळ आला होता. तो अधिक सरळमार्गी शर्यतीचा आहे.

नंतरच्यांपैकी तीन लक्षात घेण्यासारखे आहेत. २०१९ साली पूर्ण स्वरूपात आलेला डिसेंडर्स प्रत्येक वेळी नवा उतार स्वतः तयार करतो, त्यामुळे वाट पाठ करण्याची सोय राहत नाही. त्याच वर्षीचा, बर्लिनच्या मेगागॉन इंडस्ट्रीजचा लोनली माउंटन्स: डाउनहिल हा मला व्यक्तिशः फार आवडतो, कारण त्यात प्रतिस्पर्धी नाहीत, पार्श्वसंगीतही नाही, फक्त चाकाखालची माती, पक्ष्यांचे आवाज आणि आपण. २०२१ सालच्या युबिसॉफ्टच्या रायडर्स रिपब्लिकमध्ये पन्नासहून अधिक खेळाडू एकाच वेळी डोंगरावरून सुटतात, ते दृश्य एकदा तरी पाहावे असे आहे.

या तिघांनी मिळून डाउनहिल डॉमिनेशनचे गुण वाटून घेतले आहेत, असे मला वाटते. एकाकडे वेग आहे, दुसऱ्याकडे वाटा शोधण्याचा आनंद आहे आणि तिसऱ्याकडे गर्दीचा धुडगूस आहे. पण शेजारी बसलेल्या मित्राच्या चाकात काठी घालण्याची मुभा आणि त्यानंतर त्याने खऱ्या कोपराने मारलेला धक्का, हे एकत्र मिळण्याचे ठिकाण अजून जुनेच आहे.

आज तो खेळायचा असेल तर काय करावे?

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे जुने प्लेस्टेशन २ आणि मूळ चकती. या यंत्राचे उत्पादन २०१३ च्या सुरुवातीस थांबल्याचे जाहीर झाले, परंतु तोवर जगभरात पंधरा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली होती, त्यामुळे जुन्या बाजारात ती आजही मिळतात. विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. यंत्र आणि चकती एकाच प्रदेशासाठीची आहे ना. अमेरिकेतून कोणी नातेवाइकाने प्रेमाने आणलेली चकती आपल्याकडच्या यंत्रावर सहसा चालत नाही. यंत्राची लेन्स डीव्हीडी वाचते ना; केवळ गाण्यांची सीडी वाजली म्हणून समाधान मानू नये. आणि कंट्रोलरची डावी दांडी सोडल्यावर मध्यभागी परत येते ना, कारण ती किंचित जरी एका बाजूला ओढली जात असेल तरी उतारावर सायकल सतत त्याच कडेला जाते आणि दोष आपल्या हाताला दिला जातो.

टीव्हीचाही प्रश्न आहे. नव्या सपाट टीव्हीला जुनी पिवळी-लाल-पांढरी पिन लावली की चित्र धूसर होतेच, पण त्याहून वाईट म्हणजे टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतो आणि बटण दाबल्यापासून सायकल वळेपर्यंत क्षणभराचा उशीर होतो. या खेळात तो क्षण म्हणजे झाड. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो सुरू करावा. माळ्यावर काचेच्या ट्यूबचा जुना टीव्ही पडून असेल आणि घरच्यांनी तो अजून भंगारात दिला नसेल, तर त्याच्याइतका उत्तम पर्याय नाही.

संगणकावर पीसीएसएक्स२ हा एम्युलेटर, म्हणजे संगणकाला प्लेस्टेशन २ सारखे वागायला लावणारा प्रोग्राम, वापरून मूळ चकती चालवता येते. त्यासाठी स्वतःच्या यंत्रातून काढलेली बायोस फाइल, म्हणजे यंत्र सुरू करणारी त्याची मूळ प्रणाली, लागते. कोठून तरी उतरवलेल्या खेळांच्या फाइलींचा मार्ग कायदेशीर नाही, म्हणून तो येथे सांगत नाही.

मुलगा आठवीत आहे. त्याला हा खेळू द्यावा का?

रक्त सांडण्याची दृश्ये हा या खेळाचा विषय नाही. मारामारी आहे, पण ती चित्रपटातल्या विनोदी हाणामारीच्या जातीची आहे. स्वार आपटतात, लोळतात आणि उठून पुन्हा सायकलवर बसतात. माझी सूचना एवढीच की सुरुवातीला आपणही शेजारी बसून दोन शर्यती खेळाव्यात. निर्णय त्यानंतर आपोआप होईल, आणि रिमोट परत मिळवण्यासाठी बहुधा मुलालाच आपल्यामागे लागावे लागेल.

हा खेळून खरी सायकल चालवता येईल का?

नाही. एक गोष्ट तेवढी खरोखर शिकता येते: वळण यायच्या आधी ब्रेक, वळणात नाही. बाकी खेळातले गुडघे फुटत नाहीत. ज्योतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या रस्त्यावर उतरायचे असेल तर हेल्मेट घालावे, दोन्ही ब्रेकची तार आणि रबर आदल्या दिवशी सायकलवाल्याकडून तपासून घ्यावे, भाविक ज्योतिबाला पायी जातात त्या खेट्यांच्या रविवारी आणि यात्रेच्या दिवसांत तो बेतच करू नये. समोरची वाहने तिथे शर्यतीत भाग घेत नसतात.

पहिल्यांदाच खेळायला बसणाऱ्याला काय सांगावे?

शक्य तितके कमी. कोणते बटण कशासाठी, एवढे सांगून पहिला डोंगर त्याच्या ताब्यात द्यावा. नवखा माणूस हमखास सगळा वेळ पायडल मारत सुटतो, पहिल्या वळणावर बाहेर फेकला जातो, मग घाबरून सारखा ब्रेक दाबतो आणि शेवटचा येतो. तिसऱ्या किंवा चौथ्या उताराला त्याची बोटे थोडी सैल होतात. तोवर मारामारी शिकवू नये आणि लपलेल्या वाटा तर मुळीच दाखवू नयेत. काठीची युक्ती मात्र त्याला आपणच त्याच्या चाकात ती घालून दाखवावी, शेवटच्या रेषेच्या थोडे अलीकडे, तो पहिल्यांदा आपल्या पुढे असताना.